बसून घेतलेलं माप

पौडच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स म्हणून पाच वर्षं काढली, १९७९ ते ८४. त्या पाच वर्षांत किती बाळंतपणं केली आणि किती जखमा बांधल्या याचा आता काही हिशेब लागत नाही. पण गोजराबाईच्या मांड्या आठवतात. असं लिहिताना थोडं ओशाळल्यासारखं होतं, पण गोष्ट सुरू होते ती तिथूनच.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. बाजाराचा दिवस, म्हणून दवाखान्यात गर्दी होती. एक बाई मासळीची रिकामी टोपली बाहेर भिंतीला टेकवून आत आली आणि कोपऱ्यात बसून राहिली. पस्तिशीची, काटक, उन्हानं रापलेली. तिचा नंबर आला तेव्हा तिनं मागच्याला पुढं जाऊ दिलं, मग त्याच्याही मागच्याला. सगळे गेल्यावर उठली आणि म्हणाली, "बाई, तेवढा पडदा वढा."

दोन्ही मांड्यांची आतली कातडी सोलून निघाली होती. जुन्या खपल्यांवर नव्या चिरा पडल्या होत्या. गुडघ्यांच्या मागं आणि कमरेला, जिथं लुगड्याची गाठ येते तिथं, लालभडक पट्टे उठले होते.

"हे कशानं झालं?"

"पाण्यानं."

"नुसत्या पाण्यानं असं होत नाही."

"मग बसून बघा की माझ्यासंगं. सहा-सात तास, वल्ल्या लुगड्यात, पत्र्यावर."

मी जखमा धुतल्या, जांभळं औषध लावलं आणि लावता लावता तिला बोलतं केलं.

गोजराबाई मुळशीच्या धरणाच्या काठावरच्या एका वाडीत राहायची, मालेच्या पुढं. तिचा नवरा बहिरू धरणात मासे धरायचा. त्याच्याकडं एक होडी होती. होडी म्हणजे काय, डांबराच्या पिंपांचा पत्रा ठोकून सपाट केलेला, लोहाराकडून रिबिटा, म्हणजे पत्रा जोडायचे खिळे, मारून दोन्ही टोकांना निमुळता करून घेतलेला. लांबीला दीड पुरुष आणि रुंदीला एका माणसाच्या ढुंगणाएवढा. त्यात एकच जण मावायचा, तोही पाय समोर लांब करून, पाठ ताठ ठेवून. हातात एकच वल्हं, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. मधे पायांवर गळाची लांब दोरी, तिला हातभराच्या अंतरावर गळ. ती सकाळी पाण्यात सोडायची आणि दुपारी ओढून घ्यायची.

दोन वर्षांपूर्वी बहिरू हिरड्याच्या झाडावरून पडला आणि कमरेत मोडला. कुबडी घेऊन चालता यायला लागलं, पण पाय लांब करून बसणं कायमचं गेलं. शेत म्हणावं असं काही नव्हतं, डोंगराला एक भाताचं खाचर. मग गोजराबाई होडीत बसली. बहिरूनं काठावर बसून तिला शिकवलं. वारा कुठून आला की तोंड कुठं करायचं, मरळ कुठल्या कपारीला असते, कटला किती खोलावर. दोन महिन्यांत ती त्याच्याइतकीच मासळी आणायला लागली.

"शिकली सगळं," ती म्हणाली. "पर लुगडं न्हाई शिकलं."

नऊवारी लुगडं कासोट्यासकट भिजलं की अंगावर ओझं होतं. कासोट्याचा पीळ नेमका खाली येतो आणि माणूस त्याच्यावरच तासन् तास बसतं. सुटलेलं टोक गळात अडकतं. त्या भादव्यात असाच पदर गळाला गुंतला, सोडवायला ती वाकली आणि होडी कलंडली. पोहायला तिला लहानपणापासून येत होतं. पण ओलं लुगडं पायांना असं आवळून बसलं की पाय हलेनात. उलट्या होडीला धरून ती तशीच लोंबकळत राहिली, वाऱ्यानं काठाला लावेपर्यंत.

हे सगळं तिनं बाजारातली एखादी गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

मी म्हटलं, "औषध मी देईन, पण उद्या परत लुगड्यात बसलात तर परत हेच होणार. लुगडं नेसून पाण्यात जाऊ नका."

"मग काय नेसू?"

याचं उत्तर कोणाकडं असेल हे मला माहीत होतं.

मी राहायची ती खोली फकरुद्दीन शिंप्याच्या घरामागं होती. पौडच्या पेठेत त्यांचं दुकान. तरुणपणी ते पुण्याला कॅम्पात, लष्कराचे कपडे शिवणाऱ्या एका कारखान्यात दहा वर्षं कारागीर होते. त्यामुळं त्यांनी शिवलेली विजार फाटायची नाही, घालणारा आधी म्हातारा व्हायचा. त्यांची बायको बद्रुन्निसा घरी बसून बायकांचं शिवायच्या, झंपर, परकर, सलवार-कमीज. त्यांची स्वतःची मशीन, स्वतःची कात्री. नवऱ्याची कात्री त्या वापरायच्या नाहीत आणि आपली त्यांना द्यायच्या नाहीत.

मी गोजराबाईला घेऊन मागच्या दारानं गेले. बद्रुन्निसाभाभींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आतापतूर काय काय घालून बघितलंस?"

गोजराबाई जरा घुटमळली. मग म्हणाली, "धन्याची खाकी चड्डी घातली व्हती पंधरा दिस. कुणाला सांगू नका."

"काय झालं तिचं?"

"उन्हानं पत्रा तापतो, पोटऱ्या भाजल्या. बसलं की बटण पोटात रुततं. मग रिबिटीला अडकून मागनं फाटली."

भाभींनी ट्रंकेतून आपली एक जुनी सलवार काढून दिली. "ही घालून बघ. फाटली तर फाटली."

पुढच्या बाजाराला गोजराबाई सलवार धुऊन, घडी करून परत घेऊन आली. कासोट्याचा त्रास नाही, मांडीला काही लागत नाही, पण वल्ह्याचं पाणी गळून पायात शिरतं आणि पायघोळ सलवारीत साठून राहतं. "दोन्ही पायांत घागरी भरल्यावानी," ती म्हणाली. तेव्हा भाभींनी दुकानात निरोप पाठवला आणि फकरुद्दीनचाचा घरी जेवायला आले ते पाटावरून उठेपर्यंत त्यांच्याशी याच विषयावर बोलत राहिल्या.

चाचा कमी बोलणारे. हात धुऊन आले आणि एवढंच म्हणाले, "आधी कापड ठरवू."

दुसऱ्या दिवशी अंगणात तारेवर तीन चिंध्या लटकल्या. एक टेरिकॉटची, एक जाड सुती ड्रिलची आणि एक मिसळ सुताची. ही तिसरी कुठल्याशा कारखान्यातल्या कामगारांच्या गणवेशाच्या उरलेल्या ताग्यातली होती. तिन्ही बादलीत बुडवून एकाच वेळी वाळत घातल्या. भाभी स्वयंपाक करता करता बाहेर येऊन हात लावून बघत होत्या. टेरिकॉट तासाभरात वाळलं. ड्रिल तिन्हीसांजेपर्यंत ओलंच होतं. मिसळ दुपारच्या जेवणापर्यंत कोरडी झाली. मग चाचांनी तिन्ही चिंध्या धुण्याच्या दगडावर घासल्या, दोनशे वेळा, मोजून. टेरिकॉटला गोळे आले आणि मग भोक पडलं. ड्रिलला काही झालं नाही. मिसळ जरा झिजली, पण टिकली.

"ड्रिल मजबूत," चाचा म्हणाले, "पण ह्या हवेत वाळणार नाही. ओलं कापड रोज घातलं तर परत तेच दुखणं. टेरिकॉट पत्र्यावर घसरतं. ही मिसळ घ्या."

ताग्याचे दोन रंग होते, एक निळा आणि एक चिखलासारखा. निळा दिसायला चांगला होता. गोजराबाईनं चिखलाचा घेतला. "मासळीला दिसायचा न्हाई," ती म्हणाली, "अन् माणसालाबी."

भाभींनी तिला भिंतीला उभं करून माप घेतलं आणि कागदावर लिहून चाचांना दिलं. चाचांनी लष्करी पद्धतीनं बेतलं. आठ दिवसांत विजार तयार झाली. दुहेरी शिवण, पितळी बटणं, दोन्ही बाजूंना खोल खिसे. गोजराबाईनं वर गुंडाळलेलं लुगडं वर धरून आम्हाला दाखवली तेव्हा मला वाटलं, झालं आता.

पण आठवड्यानं ती परत आली ती लुगड्याखाली विजार घालूनच. नको म्हणायला तिला जड जात होतं. चाचांनी फुकटचा वेळ घालवला होता. शेवटी भाभी म्हणाल्या, "अगं बोल की. शिंप्याला काय रडू येत न्हाई."

"चांगली हाय," गोजराबाई म्हणाली. "उभं ऱ्हायलं की लई चांगली हाय."

"आणि बसलं की?"

तिनं वरचं लुगडं सोडून बाजूला ठेवलं. ती तिथंच अंगणात खाली बसली, पाय समोर लांब केले, पाठ ताठ केली आणि हातात वल्हं असल्यासारखे हात फिरवून दाखवले. विजारीचा मागचा भाग सरकून खाली आला, कंबर उघडी पडली. पुढं पोटावर कापडाचा बोंगा झाला. बटण रुतलं. बाजूच्या खिशात भाभींनी गंमत म्हणून ठेवलेलं रीळ घरंगळून बाहेर आलं. आणि जिथं चार शिवणी एकत्र येतात, तिथं नेमकी ती बसली होती.

"माप बसून घ्या," गोजराबाई म्हणाली. "म्या उभी कवा असती?"

फकरुद्दीनचाचा दारात उभे होते. ते तडक आत गेले. मला वाटलं रागावले. पण ते खडू आणि कागद-पेन्सिल घेऊन आले, खडू भाभींच्या हातात दिला आणि भिंतीकडं तोंड करून बसले. भाभी माप घेत होत्या आणि आकडे बोलत होत्या, चाचा पाठमोरे बसून लिहीत होते. अधूनमधून विचारत होते, "गुडघा वाकला की मागं किती ताणतं? मागनं कमरेपर्यंत किती?" मागची बाजू पुढच्यापेक्षा चार बोटं उंच निघाली.

"शिवणी खाली नकोत," चाचा म्हणाले. "पण मग जोडायचं कुठं?"

"मियानी घाला की," भाभी म्हणाल्या.

मियानी म्हणजे सलवारीला दोन पायांच्या मधे जो चौकोनी तुकडा जोडतात तो. त्यानं पाय कितीही फाकले तरी ताण येत नाही आणि शिवणी मधे न येता बाजूला सरकतात. चाचांनी दहा वर्षं लष्कराच्या विजारी शिवल्या होत्या, तिथं मियानी नव्हती. त्यांनी भाभींची जुनी सलवार उलटून तिची मियानी बघितली. मग म्हणाले, "ती तू घाल. मला जमणार नाही."

ती दुसरी विजार दोघांनी मिळून शिवली. चाचांनी पाय आणि मागचा भाग, भाभींनी मियानी आणि नाडी ओवायचा नेफा. बटणाऐवजी नाडी, बाजूला बांधायची. बसायच्या जागी आणि गुडघ्यांवर कापड दुहेरी. लांबी पोटरीच्या खाली चार बोटं आणि तिथं अरुंद, म्हणजे पाणी आत राहणार नाही. खिसा एकच, उजव्या मांडीच्या वरच्या अंगाला, झाकणाचा, त्यात चाकू आणि दोन गळ. सगळ्या शिवणी दाबून चपट्या केलेल्या.

पुढचे तीन बाजार गोजराबाई दवाखान्यात आली नाही. चौथ्या बाजाराला आली ती पानात बांधलेली मरळ घेऊन. पडद्याआड जखमा दाखवल्या. कातडी नवी आली होती, बाळाच्या तळव्यासारखी गुलाबी.

वाडीत अर्थातच कळलं. ती घरून लुगडं गुंडाळून निघायची, काठावर आली की ते काढून करवंदीच्या जाळीवर टाकायची आणि होडीत बसायची. परत येताना उलट. पण पाण्यावरचं माणूस लांबून दिसतं. एका सकाळी हैबतराव काठावर येऊन उभे राहिले. वाडीतले जाणते, सरळ माणूस. भांडणं लागली की दोन्ही बाजू त्यांच्याकडंच यायच्या. हे बोलणं मला गोजराबाईनं सांगितलं तसं देते.

"गोजरे, लोक बोलत्यात."

"काय बोलत्यात, दादा?"

"बाप्याचा कपडा घालतीस म्हून."

"बाप्याचं काम करती तवा कुणी काय बोललं न्हाई, दादा. कपड्याचंच का लागलं?"

हैबतराव म्हणाले, "माझं काय न्हाई. देवळापुढनं जाताना तेवढं लुगडं ठेव."

"ते ठेवतीच की."

"मग झालं." आणि ते निघून गेले. त्यानंतर निदान तोंडावर तरी कोणी काही बोललं नाही.

पुढच्या वैशाखातली गोष्ट मला बहिरूनं सांगितली. तो कमरेच्या औषधाला आला होता. दुपारी ताम्हिणीच्या अंगानं एकाएकी वारा सुटला. तो काठावर जाळं सांधत बसला होता. समोर, हाकेच्या अंतरावर, होडी त्याच्या डोळ्यांदेखत पालथी झाली. मागच्या खेपेलाही तो तिथंच होता. तेव्हा ती उलट्या होडीला धरून लोंबकळत होती आणि तो नुसता बघत होता, उठून उभं राहायला त्याला दोन मिनिटं लागली होती, आणि उभं राहून तरी काय करणार होता.

"ह्या टायमाला उठलोच न्हाई," तो म्हणाला. "डोळं मिटून घेतलं."

डोळे उघडले तेव्हा ती वर आली होती. होडीच्या शेपटाला दोन्ही हातांनी धरून बेडकासारखे पाय मारत ती होडी काठाकडं ढकलत आणत होती. जवळ आली तशी ओरडली, "वल्हं गेलं. ते बघा, त्या पळसाच्या अंगाला वाहतंय. ध्यान ठिवा."

"म्या रडतोय अन् हिला वल्ह्याचं पडलंय," बहिरू म्हणाला. मी त्याला औषधाची पुडी दिली. तो ती खिशात ठेवायला विसरला आणि हातातच धरून बसून राहिला.

आषाढात एका दुपारी बद्रुन्निसाभाभींच्या मागच्या दारावर टकटक झाली. मी घरीच होते. दारात साळूबाई उभी होती, हैबतरावांची विधवा बहीण, त्यांच्याच घरी राहणारी. डोक्यावरचं इरलं न काढताच आत आली आणि इकडंतिकडंचं बोलत बसली. पाऊस, भातरोपांचं आवण, कोणाच्या खाचरात किती लावणी झाली. भाभींनी चहा दिला. तो संपल्यावर ती हळूच म्हणाली, "ते गोजरीला दिलंय तसलं, भाताच्या कामाला चालंल काय? जळवा लई चढत्यात वर."

भाभींनी चेहरा अजिबात हलू दिला नाही. "चालंल की. पर तुमचं काम बसून नसतं. वाकून दाखवा, तसं माप घेऊ."

साळूबाई वाकली. भाभींनी माप घेतलं. घोट्याला नाडी घालून दिली, जळू आत शिरू नये म्हणून. त्या पावसाळ्यात भाभींनी तसल्या तीन विजारी शिवल्या. बाकीच्या दोन कोणासाठी, हे त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

गोजराबाई पुढंही त्याच कापडाच्या विजारी वापरत राहिली. साधारण सव्वा वर्षाला एक. आधी बसायची जागा विरायची, मग गुडघे. भाभी जुनी उसवून तिच्यावरूनच नवी बेतायच्या आणि प्रत्येक वेळी काहीतरी थोडं बदलायच्या. एकदा खिसा दोन बोटं वर घेतला, एकदा नेफा रुंद केला. चाचा म्हणायचे, "आता बास, ती चांगली आहे," आणि भाभी म्हणायच्या, "तुमी तिला विचारलंत काय?"

८४ च्या मार्गशीर्षात माझी बदली जुन्नरला झाली. निघण्याआधी मी गोजराबाईच्या वाडीवर गेले. पाच वर्षांत दोन-तीनदा गेले होते, पण कामानिमित्त, घाईत. या वेळी दिवसभर राहिले. बहिरूनं घरामागच्या वेलाचं काशीफळ काढून दिलं. तिनं मासळीचं कालवण केलं, तांदळाच्या भाकरी केल्या. जेवण झाल्यावर आम्ही तिघं काठावर येऊन बसलो. पाणी अगदी स्थिर होतं आणि पलीकडचा डोंगर त्यात उलटा पडला होता.

"बाई, बसताय?" गोजराबाई म्हणाली.

मी म्हटलं, बसलेच आहे की.

"हितं न्हाई. हुडीत."

मला पोहता येत नव्हतं. मी नको नको म्हणत असताना तिनं होडीच्या टोकाला लांब दोर बांधला आणि दुसरं टोक बहिरूच्या हातात दिलं. मग माझ्या पाचवारी साडीकडं बघून म्हणाली, "ह्यात न्हाई बसू देणार."

करवंदीच्या जाळीमागं मी तिची विजार घातली. ती माझ्यापेक्षा बारीक, पण नाडी होती आणि मियानी होती, त्यामुळं विजार मला बसली. सरकारी दवाखान्यातली नर्स, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत वावरणारी, चिखलाच्या रंगाची विजार घालून पत्र्याच्या होडीत पाय लांब करून बसले. पत्रा पातळ होता. खालचं पाणी त्याच्यातून पोटऱ्यांना, मांड्यांना गार लागत होतं, पण ओलं नव्हतं. कुठंही काही रुतत नव्हतं. गोजराबाईनं होडी हलकेच ढकलली.

"डावीकडं मारा आता," बहिरू काठावरून म्हणाला. "जोरात न्हाई. पाण्याला कळंल एवढंच."

मी डावीकडं मारलं. मग उजवीकडं. होडी थोडी डोलली आणि सरळ झाली. दोर संपेपर्यंत मी गेले, साठ-सत्तर हात असेल. तिथं वल्हं मांडीवर आडवं ठेवून मी थोडा वेळ बसून राहिले. काठावर ती दोघं काहीतरी बोलत होती, हसत होती. काय ते ऐकू येत नव्हतं. मी त्यांना लगेच ओढायला सांगितलं नाही.